उधारी कोणत्या बिलाची? हिशेबाचं सॉफ्टवेअर निवडतानाच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

सकाळी गिरगावच्या दुकानदारांचा फोन आला. आवाज दुखावलेला होता. "ताई, तुमच्याकडून त्रेसष्ट हजार आठशे पन्नासची मागणी आली. माझ्या वहीत एक्केचाळीस हजार दोनशे आहेत. वीस वर्षं तुमचा चिवडा विकतोय, मी पैसे बुडवणारा वाटतो का?"

फरक २२,६५० रुपयांचा. आमचा हिशेब लिहिणाऱ्या काकांनी खतावणीतलं, म्हणजे दुकानांच्या खात्यांच्या वहीतलं, या दुकानदारांचं पान काढलं. बेरीज मी दोनदा केली, चोख आहे. काकांची बेरीज चुकत नाही. पण माल इतका गेला, पैसे इतके आले, बाकी इतकी, यापुढे ते पान काही सांगत नाही. आलेले पैसे कोणत्या बिलाचे, याची नोंदच नाही. दुकानदार आठ-दहा दिवसांनी पाच हजार, सात हजार 'खात्यावर' टाकतात आणि आम्ही ते बाकीतून वजा करतो. वाद झाला की आमच्या हातात फक्त शेवटचा आकडा असतो.

दुपारी बाबांशी बोलले. दिवाळीच्या आत हिशेब संगणकावर न्यायचा, काम मी करायचं, असं ठरलं. म्हणून या नोंदी.

पुढे संदर्भ लागेल म्हणून लिहून ठेवते. लालबागमध्ये आमचा चिवडा, चकली, शेव आणि पापडाचा लहान कारखाना, पुढे काउंटर. गिरगावपासून डोंबिवलीपर्यंत ५८ दुकानांना माल जातो. उलाढाल वर्षाला दीड कोटीच्या आसपास, मालकी बाबांच्या एकट्याच्या नावावर. बिलं छापील बिलबुकावर, खतावणी काकांच्या हातची, आणि जीएसटीसाठी तीच बिलं मी महिनाअखेरीला एक्सेलमध्ये भरते. म्हणजे एकच बिल तीनदा लिहिलं जातं.

६ ऑगस्ट, बुधवार

आज सॉफ्टवेअरकडे पाहिलंच नाही. काकांशेजारी बसून एका मालाचा कागद कुठून कुठे जातो ते पाहिलं.

दुकानदार व्हॉट्सॲपवर मागणी टाकतो. चलान बनतं. टेम्पो जातो, सहीचं चलान परत येतं, त्यावरून बिल फाडलं जातं. इथपर्यंत सगळं जागच्या जागी. कागद हरवतो तो पुढे. न खपलेला किंवा फुटलेला माल परत येतो तेव्हा टेम्पोवाला चलानाच्या पाठीवर पेनाने 'चकली १२ पाकिटं परत' असं लिहितो आणि ते चलान त्याच्या खिशात राहतं. ते दुसऱ्या दिवशी आलं तर काका मांडतात. नाही आलं तर? यूपीआयचंही तसंच. संदेश बाबांच्या फोनवर येतो आणि त्यावर दुकानाचं नाव नसतं, खातेदाराचं असतं. तीन दुकानदारांची आडनावं सारखी आहेत.

काका ७१ वर्षांचे. गिरणीत हजेरी खात्यात होते. १९८२च्या संपानंतर ती गिरणी पुन्हा नीट उभी राहिली नाही, तेव्हा आजोबांनी त्यांना इथे बसवलं. मला वाटलं होतं की संगणक म्हटल्यावर ते नाराज होतील. झाले नाहीत. खतावणीतली एक खोडलेली रक्कम दाखवून म्हणाले, "हे बघ. एकच आडवी रेघ, शेजारी सही. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. नाहीतर उद्या तूच मला विचारशील, इथे आधी काय होतं? मी काय सांगू? तुझ्या मशीनमध्ये हे होतं का, ते बघ."

माझ्या यादीत जीएसटी, मोबाइल, छपाई असं बरंच होतं. काकांचं म्हणणं सगळ्यात वर लिहिलं.

११ ऑगस्ट, सोमवार

सीए मॅडमकडे दीड तास. काय आम्हाला लागू आहे आणि काय नाही, हे आज साफ झालं. विक्रेत्यांच्या पत्रकांत सगळंच 'अत्यावश्यक' असतं, म्हणून हे आधी करायला हवं होतं.

ई-इन्व्हॉइस, म्हणजे प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, नको. १ ऑगस्ट २०२३पासून त्याची मर्यादा पाच कोटींची उलाढाल आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात लाखाच्या वर माल गेला तरच ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागतं, आमचं एकही बिल तिथे पोचत नाही. पाच कोटींच्या आत असल्यामुळे आम्ही तिमाही विवरणपत्रवाले: जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, तिमाही संपल्यावर १३ तारखेपर्यंत, तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत. दुकानदारांना आपल्या क्रेडिटसाठी, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या वजावटीसाठी, तीन महिने थांबायला नको म्हणून त्या दोन महिन्यांची नोंदणीकृत दुकानांची बिलं आयएफएफ या जीएसटी पोर्टलवरच्या सोयीतून पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत चढवता येतात. हे आम्ही आजवर कधी केलंच नव्हतं. दुकानदार कुरकुरत का होते ते आज कळलं.

कंपन्यांना १ एप्रिल २०२३पासून बदलांची नोंद ठेवणारं, म्हणजे कोणी कधी काय बदललं ते न पुसणारं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे. आम्ही कंपनी नाही, सक्ती नाही. पण काकांची आडवी रेघ ती हीच. मॅडमना ते सांगितलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या काकांना माझ्याकडे पाठवा."

मग उधारीचा विषय काढला. मॅडम गंभीर झाल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आम्ही उत्पादक आहोत, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे, सूक्ष्म गटात बसतो. अशा पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. ते न देता वर्ष संपलं, तर खरेदीदाराला तो खर्च प्राप्तिकरात त्या वर्षी धरता येत नाही, पैसे देईल त्या वर्षी धरावा लागतो. ही तरतूद आकारणी वर्ष २०२४-२५पासून लागू आहे. शिवाय बिलाचे पैसे १८० दिवसांत दिले नाहीत तर खरेदीदाराला घेतलेलं जीएसटी क्रेडिट उलटवावं लागतं. "पण पंचेचाळीस दिवस कशाचे मोजणार?" त्यांनी विचारलं. "बाकी रकमेचे दिवस मोजता येत नाहीत. दिवस बिलाचे असतात."

परतताना करी रोड पुलावर उभी राहून हे वाक्य फोनमध्ये टिपलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

पाहणी सुरू. आधी नावांचा ढीग होता. ईआरपीनेक्स्ट मला मनापासून आवडलं. मुक्त स्रोत, आणि बनवणारी फ्रॅपे ही कंपनी आपल्या मुंबईचीच. पण ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवायला जाणकार माणूस हवा, आणि उत्पादनापासून पगारापर्यंत त्याचा आवाका आमच्या गरजेच्या कितीतरी पुढे. जीएनयूकॅश मोफत आहे, दुहेरी नोंद उत्तम शिकवतं, पण ते भारतीय जीएसटीसाठी घडलेलं नाही.

शेवटी तीन उरली. संगणकात बसणारं टॅलीप्राइम, ब्राउझरमध्ये चालणारं एक आणि मोबाइलवरचं एक. नंतरच्या दोघांची नावं लिहीत नाही. ही सॉफ्टवेअरं दर काही महिन्यांनी बदलतात. आज मला दिसलेली उणीव उद्या राहील असं नाही.

विक्रेत्यांची प्रात्यक्षिकं नकोत असं ठरवलं. त्यांच्या नमुना कंपनीत कोणी माल परत करत नाही. आमच्याच जुलैच्या दप्तरातून ४० कागद काढले: २२ बिलं, ९ यूपीआय जमा, ३ चेक (त्यातला एक न वटलेला), ४ मालपरतीच्या चिठ्ठ्या, १ आगाऊ रक्कम आणि काकांनी चुकीच्या खात्यावर टाकून नंतर दुरुस्त केलेली १ नोंद. हेच ४० कागद तिन्हींत भरायचे. नंतर तीन प्रश्न विचारायचे. एक, या दुकानाची कोणती बिलं किती दिवसांची आहेत? दोन, ही रक्कम कुठून आली, मूळ कागदापर्यंत नेऊन दाखव. तीन, काल ही नोंद काय होती?

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस थांबलेला नाही. शाळा बंद, लोकल रखडलेल्या. टेम्पो निघालाच नाही. गल्लीत पाणी वाढायला लागलं तसा संगणक उचलून वरच्या फळीवर ठेवला. दुपारी इंटरनेट गेलं आणि ब्राउझरवाल्याची चाचणी थांबली.

याचा निवाडा घाईने करायचा नाही. नेट नाही म्हणून ऑनलाइन वाईट, असं सहज म्हणता येईल. पण ज्या दिवशी नेट नसतं त्या दिवशी आमचा मालही जात नाही. उलट पाणी आज वीतभर आणखी चढतं तर संगणकात बसलेला सगळा हिशेब गेला असता. २०२१मध्ये हार्ड डिस्क गेली तेव्हा चार महिन्यांची एक्सेल पानं मला बिलबुकावरून पुन्हा भरावी लागली होती. काहीही घेतलं तरी रोजची एक प्रत या इमारतीबाहेर गेली पाहिजे, हे आज पक्कं.

२३ ऑगस्ट, शनिवार

मोबाइलवरचं बाद केलं. बिल फाडायला ते फार छान आहे, काउंटरवरच्या मावशी पाच मिनिटांत शिकल्या. पण मी एक जुनं बिल उघडून रक्कम बदलली, तर बदलली. आधी काय होतं याचा माग कुठेच राहिला नाही. काकांनी ते पाहिलं आणि काही न बोलता चष्मा पुसला.

उरलेल्या दोघांवर काकांना बसवलं. ब्राउझरवाल्यात ते अडखळले. चुकीमुळे नाही, माउसमुळे. बोटं कापतात, बाण छोट्या चौकटीवर स्थिरावत नाही. टॅलीत मी त्यांना कागदावर लिहून दिलं: एफ-५ पैसे दिले, एफ-६ पैसे आले, एफ-८ विक्री, एफ-९ खरेदी. तासाभराने ते कीबोर्डवरच चालू लागले. जमेची नोंद करताना सॉफ्टवेअरने विचारलं की हे पैसे कोणत्या बिलापोटी, आगाऊ, की नुसते खात्यावर? काका थांबले. म्हणाले, "हे मी दुकानदाराला कधी विचारलंच नाही. पैसे आले यातच समाधान मानलं."

हा प्रश्न ब्राउझरवालंही विचारतं, हे इथे लिहायला हवं. त्याबाबतीत दोघं सारखी.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती आले. अनंत चतुर्दशीपर्यंत लालबागमध्ये दुसरं काही होणार नाही. काउंटरवर सगळे लागतात. काम बंद.

४ सप्टेंबर, गुरुवार

बंद ठेवता आलं नाही. काल रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय आला. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाणार, २२ सप्टेंबरपासून नवे दर. आमच्यासाठी याचा अर्थ मोठा आहे. आजपर्यंत तोच चिवडा काउंटरवर सुटा तोलून दिला तर ५ टक्के आणि लेबल लावलेल्या बंद पाकिटात १२ टक्के. एकाच कढईतल्या मालाची दोन नावं आम्हाला ठेवावी लागत होती. आता दोन्ही ५. पापड आधीही शून्य, आताही शून्य.

गर्दीत उभ्याउभ्या जाणवलं की सॉफ्टवेअर तपासायला यापेक्षा चांगली संधी मिळणार नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

दरबदलाची चाचणी. आज मन लावून बसले.

मॅडमनी नियम समजावला. माल आणि बिल दोन्ही २२च्या आधीचे असतील, तर पैसे नंतर आले तरी जुना दर. म्हणजे २० तारखेच्या बिलावर १२ टक्के, पैसे दिवाळीत मिळाले तरी. आणि त्याच बिलातली पाकिटं ऑक्टोबरमध्ये परत आली, तर क्रेडिट नोटही (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) १२ टक्क्यांचीच, कारण ती मूळ बिलाला बांधलेली असते.

सहसा लोक मालाच्या नोंदीत जाऊन १२ खोडून ५ लिहितात. तसं केलं की जुनी बिलं पुन्हा छापताना किंवा दुरुस्त करताना घोळ होतो. टॅलीत मालाच्या दराला 'कोणत्या तारखेपासून लागू' असं देता येतं. २१ तारखेचं बिल बनवलं, १२ आलं. २२चं बनवलं, ५ आलं. मालपरतीत त्या एका नोंदीपुरता जुना दर मला हाताने द्यावा लागला, पण देता आला. ब्राउझरवाल्यात मी नवा दर टाकला आणि ऑक्टोबरच्या तारखेची क्रेडिट नोट केली, तर तिथे ५ टक्केच बसला. जुना दर कसा आणायचा ते मदत केंद्रालाही आज सांगता आलं नाही. कदाचित मार्ग असेल. मला सापडला नाही, आणि मला सापडला नाही तर काकांना सापडणार नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

शेवटची चाचणी: बाहेर पडण्याची. सॉफ्टवेअर घेताना सोडायचा विचार कोणी करत नाही, पण इंट्युइटने क्विकबुक्सची भारतातली सेवा ३१ जानेवारी २०२३नंतर थांबवली, तेव्हा अनेकांना अचानक हिशेब हलवावा लागला. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायच्या असतात. सहा वर्षं एखादी कंपनी आपलं दुकान चालू ठेवेलच, असं धरून कसं चालेल?

म्हणून ४० कागदांचा हिशेब दोन्हींतून एक्सेलमध्ये काढला. ब्राउझरवाल्यातून बिलं आली, जमा आल्या, सुंदर आल्या. पण कोणती जमा कोणत्या बिलापोटी हा धागा मी काढलेल्या फाइलींत नव्हता. म्हणजे बाहेर पडताना आमच्या हातात पुन्हा काकांची खतावणीच आली असती. टॅलीच्या येणे-बाकीच्या अहवालात बिल क्रमांक, तारीख, शिल्लक, उलटलेले दिवस एका ओळीत होते.

१५ सप्टेंबर, सोमवार

निर्णय झाला. टॅलीप्राइम, एका वापरकर्त्याचं. २२,५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी ४,०५०, एकूण २६,५५०. ते ४,०५० क्रेडिटला मिळतील.

एका ओळखीच्याने तेच सॉफ्टवेअर दीड हजारात 'बसवून' द्यायची तयारी दाखवली. त्याला नाही म्हटलं. ५८ दुकानांची उधारी ज्यात ठेवायची, ते चोरीचं कसं चालेल? बाबांनी एका वाक्यात विषय संपवला: "आपल्या मसाल्यात आपण भेसळ करत नाही ना?"

लॅमिंग्टन रोडवरून मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड आणि यूपीएस आणला.

बदलांची नोंद चालूच राहील, बंद करता येणार नाही, अशी आवृत्तीही मिळते. आम्ही तीच बसवून घेतली. काकांवर अविश्वास म्हणून नव्हे. उलट, उद्या कोणी त्यांच्यावर बोट दाखवलं तर त्यांच्या बाजूने बोलणारं काहीतरी असावं म्हणून.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. आजपासून पाकिटांनाही ५ टक्के. महिनाअखेरपर्यंत बिलबुकच. ज्या आठवड्यात दर बदलले त्याच आठवड्यात पद्धतही बदलायची नाही, असं मॅडमनी बजावलं आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

सुरुवात १ ऑक्टोबरपासून. वर्षाची सुरुवात १ एप्रिल आणि वह्यांची सुरुवात १ ऑक्टोबर अशा दोन वेगळ्या तारखा टॅलीत देता येतात, त्यामुळे सहा महिन्यांच्या नोंदी पुन्हा भराव्या लागणार नाहीत. ३० सप्टेंबरचं तेरीज पत्रक, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकींची यादी, सुरुवातीच्या शिलकी म्हणून चढवायचं. बिलांची मालिका मात्र नवी हवी. क्रमांक आर्थिक वर्षात दुबार येता कामा नये आणि १६ अक्षरांच्या आत बसला पाहिजे. 'एलबी/२५-२६/०००१' ठरवला.

आता खरी अडचण. ५८ दुकानांची सुरुवातीची बाकी चढवायची. सोपा मार्ग म्हणजे एका दुकानाला एक आकडा. एका संध्याकाळचं काम. बाबाही म्हणाले, जुनं जुन्यात राहू दे, नव्याची सुरुवात नीट कर.

मी अडून बसले. एक आकडा चढवला तर दोन महिन्यांचा सगळा खटाटोप फुकट जाईल. नव्या यंत्रात जुनीच खतावणी, फक्त अक्षर छापील. बाकी बिलाबिलाने फोडूनच चढवायची.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसऱ्याला संगणकाची पूजा झाली, काकांनी खतावणी त्याच्या शेजारी ठेवली.

चार रात्री काका आणि मी जेवण झाल्यावर बसतोय. पद्धत अशी. एका दुकानाची सगळी बिलं तारखेने मांडायची, आलेले पैसे सर्वांत जुन्या बिलापासून फेडत यायचे, दुकानदाराने रक्कम नेमकी एखाद्या बिलाइतकी दिली असेल तर ती त्याच बिलाला. मग त्यांना यादी पाठवायची: तुमची ही बिलं बाकी दिसतात, बरोबर का? एक आकडा कळवला की लोक भांडतात. यादी पाठवली की शोधायला लागतात. पार्ल्याच्या बाईंनी रात्री साडेदहाला तीन पावत्यांचे फोटो पाठवले.

आत्तापर्यंत ३१ दुकानं झाली. काकांची स्मरणशक्ती पाहून थक्क व्हायला होतं. "हे चार हजार नऊशे त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या वेळचे, चकलीचे डबे होते." बिल काढून पाहिलं, होते. ही माहिती इतकी वर्षं फक्त त्यांच्या डोक्यात होती.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सगळी ५८ झाली. एकूण २३१ बिलं उघडी. ४५ दिवसांच्या पलीकडची ७४. हा आकडा या धंद्यात पहिल्यांदाच कोणी पाहिला.

आणि गिरगाव. रात्री पावणेबारापर्यंत त्याच पानावर होतो. मे महिन्यात १४,२५० रुपयांचं एक बिल अजिबात फिटलेलं दिसेना, पुढची सगळी फिटलेली. काका म्हणाले, हा माणूस मधलं बिल सोडून पुढचं भरणार नाही. बँकेचं विवरण काढलं. नेमके १४,२५० जूनमध्ये यूपीआयने आलेले, आणि आम्ही ते वरळीच्या दुकानाला जमा धरलेले. आडनाव एकच.

उरले ८,४००. फेब्रुवारीच्या बिलातला माल होळीनंतर परत आला होता, हे दुकानदारांनी पहिल्या फोनवरच सांगितलं होतं, मी लक्ष दिलं नव्हतं. टेम्पोच्या खणात जुन्या चलानांचा गठ्ठा होता. त्यात मिळालं, पाठीवर पुसट पेनाने: ७,३५० रुपयांचा माल. खतावणीत नोंदच नाही.

७,३५० आणि १४,२५० मिळून २१,६००. अजून १,०५० राहतात.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

बाबा आणि मी स्वतः गिरगावला गेलो. अशी माफी फोनवर मागायची नसते. बाबांनी सगळे कागद काउंटरवर मांडले आणि म्हणाले, "चूक आमची." दुकानदारांनी कागद पाहिलेही नाहीत, आधी चहा मागवला. निघताना ४१,२०० मधल्या जुन्या तीन बिलांचे पैसे तिथेच यूपीआयने दिले, आणि या वेळी संदेशात बिलांचे क्रमांक लिहिले.

वरळीच्या दुकानदारांना त्यांची बाकी १४,२५० ने वाढली हे सांगणं जास्त जड गेलं. त्यांनी बँकेचं विवरण मागितलं. पाठवलं. मान्य केलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

फराळाची गर्दी. रोज साठ-सत्तर बिलं. काका बसतात, मावशी पाकिटं सांगतात. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी नऊ दिवस एक्सेल भरत होते.

रात्री प्रत पेन ड्राइव्हवर आणि ऑनलाइन जाते. आज घरच्या लॅपटॉपवर ती उघडून पाहिली. पहिल्यांदा उघडलीच नाही, फोल्डर चुकीचा निवडला जात होता. न उघडून पाहिलेली प्रत असून नसल्यासारखी. आता दर शनिवारी उघडून पाहायची.

टेम्पोवाल्यासाठी मालपरतीचं वेगळं छापील पुस्तक केलं, पिवळ्या कागदाचं. पिवळा कागद गल्ल्यात आल्याशिवाय टेम्पो लावायचा नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गिरगावच्या मालपरतीची क्रेडिट नोट. विक्री आर्थिक वर्ष २०२४-२५ मधली, म्हणजे ती दाखवायची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२५. आमचं तिमाही विवरणपत्र १३ जानेवारीला, तोपर्यंत मुदत टळली असती. पण नोट ऑक्टोबरच्या तारखेने आधीच काढून ठेवली आहे आणि ऑक्टोबरच्या आयएफएफमध्ये नोंदणीकृत दुकानाची क्रेडिट नोट जाते. मुदत १३ नोव्हेंबर. दर जुना, १२ टक्के: मालाचे ६,५६२.५०, कर ७८७.५०. दुकानदारांनी त्यांच्या बाजूने तेवढं क्रेडिट उलटवायला हवं, तरच आमचा कर कमी होतो. त्यांना कळवलं. आजच चढवली.

गिरगावच्या फोनमागे कोणी लागलं नसतं, तर हे ७८७ रुपये ५० पैसे आम्ही सरकारला तसेच सोडले असते आणि कळलंही नसतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

४५ दिवसांच्या पलीकडची बिलं ७४ वरून २९. कोणालाही कडक शब्द बोलावा लागला नाही, नुसती यादी जाते.

गिरगावचे १,०५० अजून उभे आहेत. बाबा म्हणाले, कसर-वटाव खात्यात टाक आणि मोकळी हो. मी एफ-७ दाबून ती रक्कम सोडून देण्याची नोंद लिहायला घेतली. काकांनी माझा हात कीबोर्डवरून बाजूला केला. "थांब. गेल्या श्रावणातली चलानं अजून बघितली नाहीत." संध्याकाळचे साडेसात झालेत. ते माळ्यावरून गठ्ठा काढायला सांगतायत.